चारा जिवंत पाहिजे

पहाटे ४.३०. कोरीट शिवारात एका पपईच्या बागेच्या बांधावर दोन दिवे हलतायत. एक गळानं मासे धरणाऱ्या दादांच्या कपाळावर बांधलेली बॅटरी, दुसरी त्यांच्या पोराच्या हातातली. एप्रिल अर्धा सरलाय. काळी जमीन सगळीकडे भेगाळली आहे, पण ठिबकच्या नळीखाली हातभर पट्टा ओला असतो. तिथं खुरप्यानं चार बोटं माती उकरली की गांडूळ निघतं. बागवाल्याची अट एकच, मुळाला धक्का लागता कामा नये आणि माती परत झाकायची. दुसरी अट दादांनी स्वतःच घालून घेतलीय. फवारणी झालेल्या बागेत आठ दिवस फिरकायचं नाही. औषध लागलेलं गांडूळ डब्यात दुपारपर्यंत टिकत नाही, असा त्यांचा अनुभव.

डबा श्रीखंडाचा, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं. तळाला याच बागेतली माती, वर केळीच्या खुंटाचं कुजकं साल. पाण्याचा फक्त शिंतोडा द्यायचा. पाणी साचलं तर गांडूळ गुदमरतं, माती सुकली तर आक्रसतं. पोऱ्या डब्यात बोट घालून ओल बघतो आणि मान हलवतो. गांडुळाचं हे काम पाऊण तासाचं. त्याचे पैसे कोणी देत नाही.

५.१५. मोटरसायकल जुनी आहे. मागं वीस बांबूच्या काठ्यांचा भारा, हँडलला दोन माठ, पोऱ्या मधे. तळं लहानसं आहे. पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात मागं सरकतं. आता पाणी मधल्या खोलगट भागात गेलंय. काठावर चिखलाचा पट्टा, त्यात गुरांच्या खुरांचे ठसे, पलीकडे बेशरमीची झुडपं आणि पाणकणीस. दादांना पाहिजे असलेला मासा त्या झुडपांच्या सावलीत असतो. मरळ.

मरळीला मेलेलं फारसं चालत नाही. ती दबा धरून बसते आणि हललेल्या वस्तूवर झडप घालते. म्हणून आधी चारा धरायचा, तोही जिवंत.

दोन काठ्यांना बांधलेलं हिरव्या मच्छरदाणीचं कापड बाप-लेक उथळ पाण्यातून ओढत नेतात. पोऱ्या मांडीभर पाण्यात, दादा कमरेएवढ्या. कापडाची खालची कडा तळाला घासली पाहिजे, नाहीतर सगळं खालून निसटतं. पाच-सहा पावलं ओढलं की झटक्यानं उचलायचं. पहिल्या खेपेला शेवाळ, पाणकिडे, चिंगळ्या आणि बोटाच्या पेराएवढी चंदेरी मासळी. दादा आधी हात पाण्यात बुडवतात, मगच मासळी उचलतात. कोरडा हात लागला की तिचे खवले निघतात आणि अशी मासळी गळावर तासभरही नाचत नाही. करंगळीएवढी ठेवायची. लहान परत पाण्यात, मोठीही परत. चिंगळ्या वेगळ्या डब्यात, ओल्या गवतात.

सात-आठ खेपांनंतर पस्तीस मोजून होतात. एका माठात पस्तीस दाटी करतात, म्हणून अठरा एकात, सतरा दुसऱ्यात. माठ घेण्याचं कारण साधं आहे. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी सुकतं आणि आतलं गार राहतं. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते आणि मासळी तोंड वर काढून धापा टाकायला लागते. मागच्या वर्षी दादांनी नंदुरबारहून सेलवर चालणारा हवेचा पंप आणला होता, काचेच्या पेटीत मासे ठेवणारे वापरतात तो. पंप चांगला चालला. पण सेलची जोडी चाळीस रुपयांची आणि ती तीन दिवसांत उतरायची. पंप आता घरी फळीवर आहे. त्याच्या जागी स्टीलचा पेला आलाय. दर अर्ध्या तासाला माठातलं पाणी पेल्यात घ्यायचं आणि हातभर उंचीवरून परत माठात ओतायचं. धार पडताना हवा आत जाते. हे काम पोऱ्याचं.

६.१५. सूर्य वर आला. काठ्या रोवायला सुरुवात.

काठी पाच-साडेपाच फुटांची, शेंडा लवचिक. शेंड्याला दोन हात तंगूस, शेवटी वीतभर बारीक तार. तारेचं कारण मरळीचे दात. नुसत्या तंगुसावर मोठी मरळ दोन झटक्यांत सुटते. तारेला गळ. गळापासून दीड हात वर भेंडाचा तुकडा, तो तरंगतो आणि चारा तळाला जाऊ देत नाही. शिसं नाही. शिसं लावलं की मासळी दमते आणि नुसती लटकते.

गळ लावण्याची जागा बघण्यासारखी आहे. दादा मासळी डाव्या मुठीत पाण्याखालीच धरतात. पाठीवरच्या पराच्या जरा मागं, कण्याच्या वर, नुसत्या कातडीतून गळ आत-बाहेर. कण्याला लागला तर मासळी जागेवर मरते. फार वर लागला तर कातडी फाटून ती निघून जाते. नीट लागलेली मासळी पाण्यात सोडली की सरळ खाली पळते, दोर संपला की गरकन फिरते, परत पळते. त्या फिरण्याचीच मरळीला खबर लागते. अमेरिकेतल्या तळ्यांत बास नावाचा शिकारी मासा धरणारे लोकही मासळी पाठीच्या पराजवळ अशीच अडकवतात. तिथं बहुतेकांचा तो सुट्टीचा छंद. इथं दादांच्या घरचा किराणा त्यातून येतो.

जुन्या लोकांचा मरळीचा खरा चारा बेडूक. दादांचे वडील लहान बेडूकच लावायचे. दादा लावत नाहीत. बेडूक आधीच कमी झालेत, ते म्हणतात, आणि कायदाही आहे. बेडकाच्या तंगड्या परदेशी पाठवायला देशानं १९८७ मध्येच बंदी घातली. नांगरटीच्या शेतात पहिल्या पावसाला बेडकांचा जो गलका उठायचा, तो दादांनी लहानपणी ऐकलाय. पोऱ्यानं तेवढा ऐकला नाही.

वीस काठ्या लागायला पाऊण तास जातो. बेशरमीच्या फांद्यांमधल्या फटीत, पाणकणसाच्या कडेला, बुडालेल्या बाभळीच्या खोडाजवळ. उघड्या पाण्यात एकही नाही. दहा काठ्यांना मासळी, सहांना गांडूळ, चारांना चिंगळी. गांडूळ गळावर पूर्ण ओवायचं नाही. दोन ठिकाणी टोचायचं आणि शेपटीची दोन बोटं मोकळी वळवळू द्यायची.

६.५५. पोऱ्या शाळेला निघतो. उन्हाळ्यात सकाळची शाळा. जाताना माठांवर ओलं पोतं टाकतो, पेला पोत्याखाली ठेवतो.

"पानी बदलजो हं, बाबा."

"हां, बदलसू. जाय तू."

आता माठ, काठ्या, मासा, सगळं एकट्या दादांवर.

७.२०. चौथ्या काठीचं भेंड दोनदा थरथरलं आणि बाजूला सरकलं. दादा जागचे हलत नाहीत. मरळ आधी चारा आडवा धरते, मग वळते, मग गिळते. वळण्याआधी ओढलं तर रिकामा गळ हातात येतो. भेंड पाण्याखाली गेलं. काठीचा शेंडा वाकला. आता दादा उठतात, काठी उपसतात आणि एका दमात मागं चालत जातात. खेळवणं वगैरे काही नाही. बेशरमीत शिरली तर मरळ दोर गुंडाळून टाकते, म्हणून तिला वळू न देता चिखलावर ओढायचं. चिखलावर ती तडफडते. दादा तिच्यावर ओलं फडकं टाकतात, मानेमागं धरतात, पकडीनं गळ काढतात. सहाशे ग्रॅमची असेल.

ती पोत्यात जाते. पोतं ओलं करून सावलीत. पाण्याचं भांडं लागत नाही. मरळ हवेतूनही श्वास घेते, अंग ओलं असलं तर कितीतरी तास जगते. दादांच्या सगळ्या व्यवहाराला या गोष्टीचा आधार आहे. जिवंत मरळीचा भाव वेगळा, मेलेलीचा वेगळा.

७.४० ते ९.००. काही नाही. पाणी बदलणं, पेला, धार. दोन काठ्यांचे गळ रिकामे. एकावरचं गांडूळ खेकड्यानं कातरलेलं.

९.१०. अकराव्या काठीचा दोर पाण्यात जोरानं फिरतोय. मरळ नाही, दिवड आहे. गळावरची मासळी गिळायला आलेला पाणसाप, विषारी नाही पण चावरा. दादा शिवी देत नाहीत, चिडतही नाहीत. फांदीच्या बेचक्यानं मान दाबतात आणि पकडीनं तार गळाजवळ कापतात. दिवड पाण्यावरून निघून जाते. गळाचे दोन रुपये गेले, शिवाय तार आणि एक मासळी. मी विचारलं, मारत का नाही. म्हणाले, तिचंही पोट पाण्यावरच आहे ना. आणि लगेच नवी तार वळायला बसले.

९.५०. दुसरी मरळ, साडेचारशे ग्रॅम. चिंगळीवर.

१०.३०. तळ्याचा राखणदार येतो. तळं मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात आहे. संस्थेनं पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलंय आणि पाणी अजून उतरलं की मोठं जाळं ओढणार आहे. दादा त्या संस्थेचे सभासद नाहीत. तरी त्यांना कोणी अडवत नाही, कारण मरळ बीज खाते. बोटाएवढं रोहूचं पिल्लू म्हणजे तिचा घास. मत्स्यशेतीत अशा माशांना काढायचा रीतसर उपाय आहे, मोहाची पेंड. हेक्टरी अडीच हजार किलो पेंड पाण्यात टाकली की सगळे मासे मरून वर येतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी विष उतरल्यावर नवं बीज सोडता येतं. पण इथं गुरं पाणी पितात. शिवाय पेंडीला पैसे लागतात. त्यापेक्षा गळवाला परवडतो. करार तोंडी आहे. मरळ, शिंगी, खेकडा दादांचा. कटला, रोहू, मृगळ लागला तर गळ काढून परत पाण्यात.

"कितला लागनात?" राखणदार विचारतो.

"दोन. एक दिवड."

राखणदार पोतं उघडून बघतो. तो नेहमी बघतो, आणि दादाही त्याला न सांगता पोतं पुढं करतात. मग दोघं एकाच तंबाखूच्या पुडीतून मळून घेतात.

राखणदाराशी पावसाळ्याचं बोलणं निघतं. मिरगानंतर मरळीची पिल्लं तळ्यावर येतात. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर खदखदत फिरतो आणि त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. तेव्हा मरळ धरणं फार सोपं. पुंजक्यात काहीही टाकलं तरी ती रागानं धावून येते, भूक नसली तरी. दादा त्या दिवसांत पुंजक्यावर गळ टाकत नाहीत. बाप गेला तर दिवसभरात सगळी पिल्लं दुसऱ्यांच्या पोटात जातात. राखणदाराला हे पटत नाही, त्याच्या दृष्टीनं मरळ गेलेली बरी. दोघं यावर बरेचदा बोललेत आणि दोघांचंही म्हणणं जिथल्या तिथं आहे.

१२.००. निंबाखाली भाकरी. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. भाकरी वहिनींनी पहाटे साडेतीनला थापलेली. वहिनी स्वतः आज कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला गेल्यात, दिवसाचे अडीचशे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, पण काम निघेल तेव्हा.

"भाकर खाई ल्या," दादा माझ्यापुढं चतकोर सरकवतात. नाही म्हणायची सोय नाही.

जेवताना ते तापीचं सांगतात. वडील नदीचे. उकाई धरण १९७२ ला पूर्ण झालं, त्याच्या फुगवट्यावर वडिलांनी जाळं चालवलं. पुढं प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाली. पाणी थांबलं आणि वाढलं, पण वडिलांना पाठ असलेले डोह त्या पाण्याखाली गेले. मोठ्या पाण्याला नाव पाहिजे, मोठं जाळं पाहिजे. जाळ्याचे पैसे दादांकडे कधी एकरकमी जमले नाहीत. वीस काठ्या जमल्या.

१.३०. मोबाइल ४२ अंश दाखवतो. वारा पडलाय. हा दिवसाचा वाईट भाग.

माठावरचं पोतं तासाभरात कडक होतं. दादा ते भिजवतात, माठ सावलीबरोबर सरकवतात, पेल्यानं धार धरतात. तळ्याच्या काठचं पाणी आता कोमट आहे, ते माठात घालून उपयोग नाही. म्हणून ते छातीएवढ्या पाण्यात जाऊन, डबा बुडवून खालचं गार पाणी आणतात. एका खेपेला एक डबा. चार खेपा. तरी पहिल्या माठात नऊ मासळ्या उलट्या झाल्या आहेत. दुसऱ्यात चार. सकाळी गळाला लावलेल्यांपैकीही निम्म्या थंड. मेलेली मासळी गळावर ठेवून बघायची का, असं मी विचारतो.

"चारा मरना, ते दिन गया," दादा म्हणतात आणि मेलेल्या मासळ्या खेकड्याच्या बिळाकडे फेकतात.

हे सगळं बघताना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. मासा धरायला दादांना दिवसाची काही मिनिटं लागतात. बाकी सगळा दिवस ते करंगळीएवढ्या जिवांना वाचवत असतात. त्यांचे पाय, पाठ, पाण्यात पांढरी पडलेली बोटं, सगळं त्यातच खर्ची पडतं. बाजारात मरळ तोलताना हा भाग तागडीत येत नाही.

२.४५. उरलेल्या मासळ्या संध्याकाळसाठी राखून ठेवायच्या. तोवर नाकतोडे. तळ्याच्या बांधावरच्या वाळल्या गवतात दादा टोपीनं नाकतोडे धरतात. टोपी आपटायची, खाली हात सरकवायचा. दहा आपटण्यांना तीन मिळतात. नाकतोडा पाण्यावर पडला की पाय झाडतो आणि त्याचा आवाज मरळीला पुरतो.

मग एक काठी हातात घेऊन दादा उभे राहतात आणि पाण्याकडे बघतात. मरळीला थोड्या थोड्या वेळानं हवेसाठी वर यावं लागतं. पाण्यावर एक हलकासा फुटका आवाज होतो, एक वर्तुळ पसरतं आणि बस. ते कुठं झालं, तिथून ती कुठं गेली, परत किती वेळानं आली, हे दादा मनात धरतात. खोडाजवळ एक आहे. मोठी आहे. वर्तुळ रुंद उठतं.

३.३०. नाकतोड्यावर एक लहान मरळ, साडेतीनशे ग्रॅम. शिंगी एक, काट्यामुळं जपून काढावी लागली, ती घरच्या कालवणाला.

४.२०. खोडाजवळच्या मरळीला दादा माठातली सगळ्यात चपळ मासळी लावतात. काठी रोवत नाहीत, हातात धरतात. गुडघाभर चिखलात उभे. मीही बांधावर गप्प. पाच मिनिटं. दहा. मासळी खोडाभोवती चकरा मारते, मग एकदम पाण्याच्या वर उडी घेते. तिनं मरळीला बघितलं असणार. भेंड गेलं. दादा थांबतात. ओठ हलतात, बहुधा आकडे मोजतायत. मग मागं फिरून खांद्यावर काठी घेऊन चालू लागतात, आणि काठी इतकी वाकते की मला ती मोडणार असं वाटलं. मरळ खोडाला एक वेढा घालते. दादा काठी सोडून पाण्यात शिरतात, दोर हातानं धरतात, खोडाच्या उलट बाजूनं वेढा सोडवतात. तंगूस बोटात रुततो. चिखलावर आली तेव्हा मरळीच्या तोंडातला गळ जवळजवळ सरळ झालेला. अजून एक झटका आणि सुटली असती.

सव्वा किलोच्या आसपास. दादा काही बोलत नाहीत. बोटावरच्या चिरेला चिखल लावतात.

५.१५. अशीच एक तेराव्या काठीवर आली. तिथं गळ खरंच सरळ झाला. "सुटी गया," एवढंच.

५.५०. काठ्या गोळा. माठात सहा मासळ्या जिवंत उरल्यात. दादा माठ पाण्यात आडवा करतात, त्या निघून जातात. घरी नेऊन रात्रभर टिकवता येतील का, तर येतील, पण पाणी राखायला कोणी जागायचं.

६.४५. नंदुरबारच्या बाजूला रस्त्यावर व्यापाऱ्याचं टेबल. थर्माकोलच्या पेट्या, बर्फ, आंध्रातून ट्रकनं आलेला कटला आणि रोहू. जिवंत काही नाही, म्हणून दादांचं पोतं आल्यावर तो हात पुसून उठतो. अर्ध्या किलोच्या वरची मरळ किलोला ३२० नं, खालची २२० नं. काट्यावर सहाशे आणि बाराशे ग्रॅम, त्याचे ५७६. साडेचारशे आणि साडेतीनशे, त्याचे १७६. ७५२ होतात, हातात ७५० येतात. दोन रुपयांचा विषय दोघंही काढत नाहीत. शेजारी उभा असलेला ढाब्याचा माणूस मोठी मरळ तिथल्या तिथं किलोला पाचशेनं घेऊन जातो. दादा हे बघतात. ढाब्याला रोज मासा पाहिजे, आणि दादांची रोजची खात्री नाही. व्यापारी दोघांच्या मधे आहे तो यामुळंच.

७.१५. पेट्रोल चाळीसचं. चहा दोन, वीस रुपये. किराणा दुकानात मागच्या उधारीतले तीनशे.

७.३०. गळ विकणारं दुकान हार्डवेअरचं आहे, दोर, खिळे आणि पत्र्यांमधे एका बरणीत गळ. साधा गळ दोन रुपयांना. जाड, काळसर, न वाकणारा सात रुपयांना. दादा दोन्ही तळहातावर घेतात. सरळ झालेला आजचा गळ खिशातून काढून शेजारी ठेवतात. दुकानदार म्हणतो, दादा, वीसच्या वीस चांगले घ्या, एकदाच खर्च. दादा हिशोब करतात. दिवड अडकली तर सात रुपये कापून टाकावे लागणार. झाडाच्या मुळांत अडकला तरी सात.

ते चार चांगले घेतात, खोडाजवळच्या काठ्यांना. आणि सहा साधे.